वरील सभासद

ज्या दुपारी बाबांनी माझं म्हणणं मान्य केलं, त्या दुपारी मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी आले. बाबांनी मला बरोबर म्हटलं, असं तोवरच्या माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

मी ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या एका हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळते. म्हणजे भिंतींच्या आत आणि छताच्या वर ज्या तारा असतात, त्या माझ्या ताब्यात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मी फोनवर फोरम चाळत बसले होते. बाहेर वेट सीझनचं, म्हणजे इथल्या पावसाळ्याचं, आभाळ रोजच्यासारखं साचत आलं होतं, कार पार्कात गाड्या तापल्या होत्या, आणि टीरूमच्या काचेवर एक पाल पोट टेकवून झोपली होती. आदल्या दिवशी मी फोरमवर लिहिलं होतं की नवीन घर बांधताना प्रत्येक खोलीत केबल टाकायचा हट्ट आता पुरे झाला, चांगलं वायफाय असलं की भागतं. त्याखाली बाबांचं उत्तर आलं होतं. एवढंसं. 'वरील सभासदाचं म्हणणं बरोबर आहे.'

मी डबा मिटला. भेंडीची भाजी होती, परतून कुरकुरीत केलेली, पण घास उतरेना.

आता हे जरा बैजवार सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बापाने बरोबर म्हटलं तर हिच्या पोटात का दुखलं.

बाबा नाशिकला टेलिफोन खात्यात होते. एक्स्चेंजमध्ये. मी लहान असताना कधीकधी त्यांच्याबरोबर जायचे. तिथे लोखंडी मांडण्यांच्या रांगा होत्या आणि सगळीकडून एक बारीक टकटक चालू असायची, सारखी, जणू गावातली सगळी माणसं एकाच वेळी हळू आवाजात काहीतरी मोजतायत. मला तिथे झोप यायची. आजही दुपारी पंख्याखाली पडले की ती टकटक कानात येते आणि मी कुठे आहे ते क्षणभर कळत नाही.

तर बाबा संध्याकाळी घरी यायचे, चहा घ्यायचे, आणि मग आमचं सुरू व्हायचं. मी काहीही बोलले की ते म्हणायचे, "चूक." मग मी म्हणायचे, "का ते सांगा." मग ते सांगायचे, मग मी त्यांचं खोडायचे. आमच्या घरात माया करायची हीच रीत होती, दुसरी कुणाला येतच नव्हती. एकदा मी म्हटलं, रेडिओच्या लहरी कशातूनही आत जातात. "चूक," बाबा म्हणाले. या वेळी त्यांनी कारण सांगितलं नाही. आईचं लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या घड्यांवर चालू ट्रान्झिस्टर ठेवला आणि दार लावलं. आतलं गाणं खरखरलं आणि विझलं. दार उघडलं, गाणं परत. मी ते दार इतक्या वेळा उघडलं-लावलं की आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "तुमची शाळा माझ्या साड्यांवर नको. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, अशी दोघं." पण हसत होती.

लग्न झालं ते अगदी उलट्या घरात. सासरी कुणीही काहीही म्हटलं की बाकीचे म्हणणार, "हो ना, अगदी." मी म्हटलं, भाजी खारट झाली. "हो ना, अगदी." भाजी तर मीच केलेली. पहिले काही महिने मला वाटायचं, ही माणसं माझ्यावर रागावलीत का? कुणी वादच घालत नाही. नवराही तसाच, शांत, मऊ, गॅसच्या प्रकल्पावर इंजिनियर. त्याच्या नोकरीमुळे आम्ही डार्विनला आलो. इथे तर सगळं गावच सासरसारखं निघालं. कुणालाही काही सुनावा, उत्तर ठरलेलं, 'नो वरीज.' भांडायला कुठे टोकच सापडत नाही. म्हणून मी फोरमवर गेले.

फोरम म्हणजे इथल्या लोकांचा ऑनलाइन कट्टा. घरातलं इंटरनेट, कॉम्प्युटर, फोन, टीव्ही, जे काही प्लगला लागतं त्यावर मतं. आणि काय एकेक मतं. मॉडेम दर आठवड्याला बंद करून चालू करावा की नाही. फ्रिजला इंटरनेट कशाला हवं. अपडेट आलं की लगेच घ्यावं की आधी शेजाऱ्याचं वाटोळं होऊ द्यावं. टास्मानियातला एक जण आहे, चित्राच्या जागी त्याने आपल्या कुत्र्याचा फोटो लावलाय. त्याच्याशी मी प्रिंटरवरून असं भांडले की शेवटी दोघंही मूळ मुद्दा विसरलो. मला तिथे घरी आल्यासारखं वाटायचं. सगळं इंग्रजीत चालतं, पण मी ते मराठीतच ऐकते, आणि इथेही तुम्हाला मराठीतच सांगते.

मग एक दिवस एक नवा सभासद आला. चित्राच्या जागी नुसतं करडं वर्तुळ. इंग्रजी सरकारी कागदासारखं, प्रत्येक वाक्यात 'कृपया'. 'कृपया माझा आधीचा खुलासा पाहावा.' इथल्या लोकांना वाटलं, हा टोमणे मारतोय. कुणाचंही टोपणनाव तो लिहायचा नाही. ज्याला उत्तर द्यायचं तो 'वरील सभासद'. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या उत्तराखाली लिहिलं, 'वरील सभासदाचं म्हणणं चूक आहे.' मी चवताळले. दोन दिवस त्याच्याशी झटापट केली. मग कुणाचा तरी मॉडेम विजेने जळला. डार्विनला वेटमध्ये विजा अशा पडतात की आभाळ घरात येऊन बसल्यासारखं वाटतं. लोक मॉडेमच्या कंपनीला शिव्या घालायला लागले. आणि त्या करड्या वर्तुळाने लिहिलं, 'आधी अर्थिंग बघा, मग आभाळाला नावं ठेवा.'

मी खुर्चीत मागे टेकले. हे वाक्य जगात एकच माणूस बोलतो. आमच्या घरी दिवे गेले की बोलायचा, पोळी करपली की आईला बोलायचा, मी परीक्षेत पेपर अवघड होता म्हणून कुरकुरले तेव्हाही बोलला होता.

मी काही विचारलं नाही. त्या रविवारी फोनवर बाबांनी मटार महाग झाल्याचं सांगितलं, जिन्यातला दिवा गेल्याचं सांगितलं, पण ज्या फोरमबद्दल मीच कधीतरी त्यांना सांगितलं होतं, त्याचं अवाक्षर काढलं नाही. मग मीही नाही काढलं. त्यांनी मला ओळखलंय हे मला माहीत होतं, मी त्यांना ओळखलंय हे त्यांना माहीत होतं, आणि दोघंही असे साळसूद की विचारू नका. फोनवर मुलगी नि वडील. फोरमवर दोन वरील सभासद, एकमेकांची सालटी काढणारे.

ती वर्षं आठवली की मला एकच लांबलचक दुपार आठवते. पंखा फिरतोय, खिडकीच्या आडव्या लूव्हर काचांतून वाफ आत येतेय, आंब्याच्या झाडाखाली मॅगपाय गीज, ही इथली काळी-पांढरी रानबदकं, पिशव्या सांभाळत चाललेल्या बायकांसारखी डुलत चाललीयत, आणि नाशकात बाबा सकाळची आंघोळ आटपून, चहा ठेवून, चष्मा लावून माझ्या चुका काढायला बसलेत. आमचं मुख्य भांडण तारेचं. बाबांचा नियम एकच होता: जी वस्तू जागची हलत नाही, तिला तार लावावी. टीव्ही हलतो का? मग तार. टेबलावरचा कॉम्प्युटर हलतो का? मग तार. हवेतून जाणाऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मी म्हणायचे, जग तारेतून सुटलंय, तुम्ही अजून खुंटीला बांधताय. त्यावर पानंच्या पानं. कुत्र्याच्या फोटोवाला मध्येच लिहायचा, 'मी पॉपकॉर्न घेऊन आलोय, चालू द्या.'

मग आई गेली. मी नाशिकला जाऊन राहिले, सगळं उरकलं, परत आले. बाबा फोरमवर गप्प होते. रोज हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की आधी मी ते करडं वर्तुळ कुठे दिसतं का बघायचे. आणि एक दिवस, वायफायची रेंज वाढवायच्या डबीवर मी काहीतरी लिहिलं होतं, त्याखाली दिसलं: 'वरील सभासदाचं म्हणणं चूक आहे.' मी गाडीतच रडले. सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आहे, माणूस आहे जागेवर.

पण त्यानंतर मी जरा सांभाळून लिहायला लागले. आई नाही, घर रिकामं, त्यात आपण तारांवरून त्यांना कशाला टोचायचं. 'आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे,' असं काहीतरी गुळगुळीत लिहायचे. कधी नुसता अंगठा. कुत्र्याच्या फोटोवाल्याला मी तितकीच फोडून काढत होते, पण करड्या वर्तुळाला सोडून द्यायचे. मला ते शहाणपण वाटत होतं.

आणि मग ती दुपार. 'वरील सभासदाचं म्हणणं बरोबर आहे.' तेही तारेच्या मुद्द्यावर.

पुढच्या काही आठवड्यांत बाबा सगळ्यांनाच बरोबर म्हणायला लागले. दर आठवड्याला मॉडेम बंद करणारे बरोबर, न करणारेही बरोबर. एका महाभागाने लिहिलं की राउटरच्या मागे स्वयंपाकातली फॉइल लावली की स्पीड दुप्पट होतो. एरवी बाबांनी त्याचा भुगा केला असता. त्यांनी लिहिलं, 'करून पाहायला हरकत नाही.' फोरमवर सगळे खूश. म्हातारबुवा निवळले, म्हणाले. मी नवऱ्याला दाखवलं तर तोही म्हणाला, "चांगलंय की. वय झालं की माणूस शांत होतो."

"शांत नाही झाले," मी म्हटलं. "विझलेत."

तो म्हणाला, "हो ना, अगदी." मी उशी फेकून मारली.

मी बाबांना फोन केला. "बरं आहे ना?" "उत्तम." "जेवताय ना?" "हो." "डॉक्टरकडे जाऊन येता?" "जातो." एकाही उत्तराला काटा नव्हता. मग मी शेवटचा खडा टाकून बघितला. म्हटलं, "बाबा, इकडे या. इथेच राहा आमच्याकडे." हे मी आई गेल्यापासून म्हणत होते आणि दर वेळी मला नवीन कारण मिळत होतं. गरम फार. मगरी. 'तुमच्याकडे समुद्र आहे आणि त्यात पाय घालायची सोय नाही, असला समुद्र काय चाटायचाय?' या वेळी ते म्हणाले, "बरं. येतो."

ते आले. एअरपोर्टवर ट्रॉली ढकलत बाहेर आले तेव्हा शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. रक्त, साखर, कान, स्मरणशक्ती, सगळं तपासून डॉक्टरीण म्हणाली की वडिलांपेक्षा मुलीचंच ब्लड प्रेशर जास्त आहे. म्हणजे दुखणं नव्हतं. मला तर दुखणं असतं तर बरं, असं वाटायला लागलं होतं. दुखण्यावर गोळी असते.

व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, तिथे ते बसायचे. सकाळभर आभाळ भरत जायचं, दुपारी कोसळायचं, मग झाडांतून पाणी कितीतरी वेळ गळत राहायचं आणि बेडूक सुरू व्हायचे. त्या ओल्या हिरव्या उजेडात बाबा पुसट दिसायचे. चहा साखरेचा देऊ की बिनसाखरेचा? "कसाही." पंखा वाढवू? "वाढव." कमी करू? "कर." आमची लेक, युनिव्हर्सिटीत जाणारी, म्हणायची, "आजोबा इज सो चिल, आई." ती त्यांच्याजवळ बसून मोबाइल बघायची, ते पाऊस बघायचे. मी हॉस्पिटलातून येऊन गाडी लावायचे आणि लांबून बघायचे, माणूस खुर्चीत आहे, आणि तरी नाही. कधीकधी त्या दुपारच्या गुंगीत मला वाटायचं की कुणीतरी बाबांना आईच्या लोखंडी कपाटात ठेवलंय आणि दार लावलंय, आणि ते दार कुठे आहे तेच मला सापडत नाहीये.

मग मी एक युक्ती केली. एका रविवारी दुपारी ते व्हरांड्यात टॅब्लेट घेऊन बसले होते. मी आतल्या खोलीतून फोरमवर लिहिलं: 'राउटर उघड्यावर ठेवू नये, धूळ बसते. लोखंडी कपाटात बंद करून ठेवावा, रेंजला काही फरक पडत नाही, लहरी कशातूनही जातात.' पाठवलं आणि दाराआड उभी राहिले. कुत्र्याच्या फोटोवाल्याने लगेच लिहिलं, 'तुझं खातं चोरीला गेलंय का?' मी बाबांकडे बघत होते. ते बोटाने ओळी सरकवत होते. बोट थांबलं. चष्मा वर केला. मग टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवून ते म्हणाले, "इकडे ये."

मी गेले.

"हे तू मुद्दाम लिहिलंस."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"कपाटात ट्रान्झिस्टर ठेवून तू माझं डोकं उठवलं होतंस. तुझ्या आईने साड्या दुसरीकडे हलवल्या. तुला माहीत नाही होय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी होतं. "लटकं भांडण मला कळतं. लहान पोराला मुद्दाम जिंकू देतात, तसलं."

"मग तुम्ही का सगळ्यांना बरोबर म्हणत सुटलायत?" मीही चिडलेच. "फॉइलवाल्याला? त्या फॉइलवाल्याला, बाबा?"

पाऊस थांबत आला होता.

"तू आधी थांबलीस," ते म्हणाले. "आई गेली आणि तू एकदम गोड बोलायला लागलीस. विचार करण्याजोगा मुद्दा, म्हणे. त्या कुत्र्यावाल्याला झोडपत होतीस, मला नुसते अंगठे. मला वाटलं, झालं. आपण आता भांडण्याजोगे राहिलो नाही. मग कशाला उगीच. बरोबर तर बरोबर."

मी त्यांना जपत होते, आणि ते बसून वाचत होते की मुलीने आपल्याला मोडीत काढलं. मला म्हणायचं होतं, बाबा, तसं नव्हतं. पण आमच्या घरात असलं बोलता येत नाही कुणाला. मी म्हटलं, "चूक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"का ते सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागले आणि मला नीट सांगता येईना, आवाज फाटायला लागला, म्हणून मग मी फॉइलवर घसरले, आणि ते केबलवर आले, आणि आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत तिथे बसलो. नवऱ्याने दोनदा डोकावून बघितलं आणि गाडी धुवायला गेला, इतक्या पावसानंतर. लेक येऊन म्हणाली, "आर यू गाइज फायटिंग?" मी म्हटलं, "नाही गं. बोलतोय."

दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी पडल्याचं बाबांनी मला सुनावलं. मी सुखावले. चार दिवसांनी त्यांनी आमच्या घराच्या अर्थिंगवर बोट ठेवलं, नवऱ्याच्या गाडी लावण्यावर ठेवलं, आणि इथल्या आंब्यांना आंबे म्हणायला साफ नकार दिला. तो आठवडा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक होता. हॉस्पिटलात तारा तपासताना मी गुणगुणत असायचे. आणि मग एका सकाळी, पोहे खाता खाता, बाबा म्हणाले, "मी परत जाणार."

"कुठे?"

"नाशिकला. वेट संपला की."

"तुम्ही इथे राहायला आलायत. तुम्ही हो म्हणाला होतात."

"तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो."

मी भांडले. या वेळी लटकं काही नव्हतं. मला ते हवे होते, डोळ्यांसमोर, त्या खुर्चीत. मी म्हटलं, तुमचं वय. ते म्हणाले, तुझं ब्लड प्रेशर. मी म्हटलं, तिथे कोण आहे तुमचं? ते म्हणाले, जिन्यातल्या दिव्यावरून ज्यांच्याशी माझं भांडण चालू आहे ते सगळे. इथे व्हरांड्यातून हाक मारली तर कोण ओ देतं? सगळे गाडीत बसून कुठेतरी जातात. मी म्हटलं, रात्री-अपरात्री पडलात तर? ते म्हणाले, तर उठेन. मी म्हटलं, नाही उठलात तर? ते म्हणाले, "ते इथेही होईल. फरक एवढाच की तू कामावर असशील आणि आयुष्यभर स्वतःला टोचत बसशील."

मी रडले. सरळ रडले, पोह्यांच्या समोर. त्यांनी माझ्या ताटलीत लिंबाची फोड ठेवली.

"तुला माझा नियम माहीत आहे," ते म्हणाले. "जे जागचं हलत नाही, त्याला तार लावावी. मी नाशिकचा आहे. तार आहे की आपली."

मी हरले. असं खरंखुरं हरून मला फार वर्षं झाली होती. एवढंच म्हटलं, "निदान घरात एक कॅमेरा तरी लावू द्या." ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो.

वारं फिरलं. अंगणात चतुर दिसायला लागले, म्हणजे इथे ड्राय, कोरडा मोसम, सुरू झाला. आभाळ एका रात्रीत धुऊन वाळत घातल्यासारखं निळं झालं. एअरपोर्टवर बाबांनी ट्रॉली मला ढकलू दिली नाही. आत जाताना वळून म्हणाले, "तो वरचा पंखा आवाज करतोय. बेअरिंग बघून घे." मी म्हटलं, "बेअरिंगचा नाहीये तो आवाज." "चूक," म्हणाले, आणि गेले. घरी येऊन मी त्या वेताच्या खुर्चीत बसले. ती मोकळी खुर्ची मला सहन होत नव्हती, म्हणून मीच तिच्यात बसले. पंखा बारीक टकटक करत होता आणि मला एक्स्चेंजमधल्यासारखी झोप लागली.

परवाची गोष्ट. फोरमवर कुणीतरी नवख्याने विचारलं होतं: वडील एकटे राहतात, दूर, त्यांच्या घरात कॅमेरा बसवायचा आहे, कुठला घ्यावा आणि कुठे लावावा. मला या विषयातलं सगळं पाठ होतं, कारण तो कॅमेरा केव्हापासून माझ्याच ऑनलाइन टोपलीत पडून होता. मी तपशीलवार उत्तर लिहिलं. स्वयंपाकघरात लावा, दिवसातून तिथे माणूस येतोच. आणि शेवटी लिहिलं, अगदी मनापासून: 'वडिलांना विचारत बसू नका. ते नाहीच म्हणणार. माझेही तसेच आहेत. एवढ्या लांबून मला त्यांची फार काळजी वाटते.'

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि फोन बघितला. पाल त्याच काचेवर होती. माझ्या उत्तराखाली करडं वर्तुळ आलं होतं.

'वरील सभासदाचं म्हणणं चूक आहे. वरील सभासदाचे वडील ठणठणीत आहेत.'

त्याच्याखाली कुत्र्याच्या फोटोवाल्याने विचारलं होतं, 'एक मिनिट. तुम्हाला कसं माहीत?'

त्याला बाबांनी उत्तर दिलं नव्हतं. मीही दिलं नाही. मी डोळे पुसले, भाजीचा घास घेतला, आणि बाबांच्या ओळीखाली लिहिलं, 'पुरावा द्या.' नाशकात अजून सकाळच होती, त्यांची आंघोळ आणि चहा आटपायला अवकाश होता. मी डबा संपवला आणि वाट बघत बसले.